डोकेदुखीचा डोंगर आणि बेभरवशाचा निवेदक

१.

मराठीत माणसाला ऊन लागते, गाडी लागते, बोट लागते. क्वचित एखाद्या गावचे पाणीही लागते. डोंगर मात्र लागत नाही. याचे कारण भाषेत नाही, भूगोलात आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटरचे. विरळ हवेचा त्रास सामान्यतः २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. शिवनेरी, राजगड, तोरणा पालथे घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना धाप लागली असेल, पायांत गोळे आले असतील. परंतु निव्वळ उंचीमुळे डोके फुटायची वेळ आल्याचा अनुभव या मातीत कोणी घेतलेला नाही. ज्याचा अनुभव नाही त्याला शब्द नाही. आणि ज्याला शब्द नाही ते दुखणे अंगावर आले, की माणूस हाताशी असलेला जुना शब्द त्याला चिकटवून मोकळा होतो. तो शब्द चुकीचा असला तर प्रकरण जिवावरही बेतू शकते.

हे मला उशिरा कळले. अटल बोगदा होण्यापूर्वीची गोष्ट आहे. आम्ही पाच जण भाड्याच्या गाडीने मनालीहून लेहला निघालो होतो. चौघे महाविद्यालयात साहित्य शिकवणारे आणि पाचवे आमच्यापैकी तिघांचे गुरू, निवृत्त झालेले, आम्ही ज्यांना आजही नुसते ‘सर’ म्हणतो ते. पहाटे मनाली सोडली, रोहतांग ओलांडला, बारालाचा ला ओलांडला आणि संध्याकाळी सरचूच्या पठारावर तंबूंत मुक्कामाला पोचलो. सरांनी जेवण नाकारले. “पित्त उसळलंय रे. सकाळी बरं वाटेल,” एवढेच म्हणाले. आम्हालाही ते पटले. दिवसभर वळणावळणाचा रस्ता, वेळी-अवेळी चहा, रिकाम्या पोटी बिस्किटे, पित्त होणारच. कुणी आलेपाक काढला, कुणी पित्ताची गोळी. रात्री दोनच्या सुमारास सर उलट्या करू लागले. आम्ही चालकाला उठवले. लाहौलचाच मनुष्य होता. त्याने सरांना काय होतेय असे विचारलेच नाही. त्याने त्यांना तंबूच्या दारापासून गाडीपर्यंत चालत यायला सांगितले. सर निघाले आणि चार पावलांत मद्यप्यासारखे झोकांडले. “मला काही झालेलं नाही, उगाच सगळ्यांची झोप मोडू नका,” असे ते आम्हाला रागावून सांगत होते. चालकाने त्यांचे बोलणे ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला नाही.

त्या रात्रीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. तिने मला एका वेगळ्याच इतिहासाकडे नेले, तो या लेखाचा विषय आहे. उंचीच्या आजाराचा इतिहास म्हणजे डोंगराने माणसाला काय केले याचा इतिहास आहेच. पण त्याहून अधिक तो माणसाने त्या दुखण्याचे खापर कोणाकोणावर फोडले याचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. या आजाराची जवळजवळ सारी जुनी साधने ही प्रथमपुरुषी निवेदने आहेत, आणि हा आजार नेमका निवेदकाच्याच बुद्धीवर घाला घालतो.

२.

या दुखण्याची सर्वांत जुनी मानली जाणारी नोंद चिनी आहे. हान घराण्याचा इतिहास बान गू याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात रचला आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण बान झाओ हिने तो पूर्णत्वाला नेला. त्यातील पश्चिमेकडील प्रदेशांच्या प्रकरणात तू छिन नावाच्या अधिकाऱ्याचा एक सल्ला आला आहे. हा सल्ला साधारण इसवी सनापूर्वी ३० च्या सुमाराचा. प्रश्न असा होता, की जीबिन या राज्याच्या दूतांना परत पोचवण्यासाठी चीनने आपली माणसे पाठवावीत काय? जीबिन म्हणजे काश्मीर-गांधार परिसर असे बहुतेक अभ्यासक मानतात. तू छिन म्हणतो, पाठवू नयेत. कारण वाटेत ‘मोठा डोकेदुखीचा डोंगर’ आणि ‘लहान डोकेदुखीचा डोंगर’ लागतात. तेथे माणसांची अंगे तापतात, चेहऱ्यावरचा रंग उडतो, डोके दुखते, उलट्या होतात. गाढवे आणि गुरेदेखील यातून सुटत नाहीत.

या नोंदीतल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, ती वैद्यकाच्या ग्रंथात नाही, राजकारणाच्या युक्तिवादात आहे. परक्या राज्याशी संबंध तोडावेत हे पटवण्यासाठी एका मुत्सद्द्याने डोंगराची डोकेदुखी वापरली. दुसरी म्हणजे जनावरांचा उल्लेख. गाढवालाही त्रास होतो असे एकदा मान्य केले, की हे दुखणे भित्रेपणाचे, पापाचे किंवा मनाच्या दुबळेपणाचे लक्षण उरत नाही. तू छिनला हवेच्या दाबाची काहीच कल्पना नव्हती; पण दोष माणसाचा नसून जागेचा आहे, एवढे त्याने बरोबर ओळखले. डोंगराचे नावच त्या दोषावरून पडले होते.

यानंतर सुमारे चार शतकांनी, ३९९ साली, फाशियान हा चिनी भिक्षू बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारताकडे निघाला. ‘लहान हिमपर्वत’ ओलांडताना त्याचा सोबती हुइजिंग कोसळला. त्याच्या तोंडातून पांढरा फेस आला, आपण आता जगत नाही, तुम्ही पुढे जा, असे त्याने सांगितले आणि तो मेला. फाशियान या मृत्यूचे कारण म्हणून बोचऱ्या थंड वाऱ्याकडे बोट दाखवतो. तोंडाला आलेल्या फेसावरून काही आधुनिक लेखकांना येथे उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरल्याची शंका येते. इतरांना हा थंडीचाच बळी वाटतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या मृत्यूचे निदान एका वाक्यावरून करण्याचा मोह टाळलेला बरा. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की फाशियानच्या दृष्टीनेही अपराधी मेलेला माणूस नव्हता.

आपल्याकडचे चित्र याहून निराळे आहे. हिमालयाच्या चढणीवर एकेक करून माणसे कोसळण्याचे आपल्या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध दृश्य महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. ही उंचीच्या आजाराची नोंद आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. महाकाव्याला रुग्णालयाच्या खाटेवर निजवण्यासारखे ते होईल. मला लक्ष वेधायचे आहे ते प्रश्नोत्तरांकडे. प्रत्येक जण पडला की भीम विचारतो, हा का पडला? आणि युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता कारण देतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा अधिक होता, सहदेवाला ज्ञानाचा गर्व होता, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा. आणि भीम अतिखादाड व बढाईखोर होता. डोंगरावर जो पडतो तो आपल्या दोषामुळे पडतो, हे सूत्र कथेच्या रचनेत अपरिहार्य आहे आणि नीतिकथा म्हणून विलक्षण प्रभावी आहे. परंतु हेच सूत्र कथेतून उतरून आपल्या गाडीत येऊन बसले, की घात होतो. “रोज व्यायाम केला असता तर ही वेळ आली नसती”, “तुझी मनाची तयारीच नव्हती”, “बाकीच्यांना कसं काही होत नाही?” ही वाक्ये लडाखच्या रस्त्यावर मी मराठीत ऐकली आहेत. बोलणाऱ्याला ठाऊक नसते, पण तो युधिष्ठिराच्या सुरात बोलत असतो. वस्तुस्थिती अशी, की शारीरिक तंदुरुस्तीमुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही. उलट धडधाकट तरुण भराभर वर जातो, वर गेल्यावर धावपळ करतो, आणि म्हणून कित्येकदा तोच आधी आडवा होतो.

३.

या आजाराचे पहिले खरोखर तपशीलवार वर्णन लडाखच्याच वाटेवर लिहिले गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. ते लिहिणारा मिर्झा हैदर दुघलत हा बाबराचा मावसभाऊ. यारकंदचा सुलतान सईद खान याच्या सैन्यासह तो १५३२ साली काराकोरम ओलांडून लडाखमध्ये उतरला. पुढे काश्मीरवर राज्य करीत असताना त्याने फारसीत ‘तारीख-इ-रशीदी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ‘दमगिरी’ नावाच्या दुखण्याचे वर्णन आहे. दम म्हणजे श्वास. तो धरला जातो ती दमगिरी. हैदर सांगतो ते असे: ओझे घेऊन चढ धावत चढल्यासारखी धाप लागते, झोप येत नाही आणि डोळा लागलाच तर छातीवरच्या दडपणाने माणूस दचकून उठतो. दुखणे वाढले की तो बरळू लागतो, कधी वाचाच जाते, तळहात-तळपाय सुजतात. मग कोणी पहाटे ते न्याहारीच्या वेळेदरम्यान मरतो, तर कोणी काही दिवस काढतो. तेवढ्या अवधीत तो एखाद्या गावात वा किल्ल्यात पोचला तर वाचण्याचा संभव, एरवी नाही.

आजच्या वैद्यकाची पुस्तके उघडून पाहिली तर यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य तेथे सापडते. झोपेत श्वास थांबत-थांबत चालणे आणि दचकून जाग येणे हा उंचीवरचा नेहमीचा अनुभव. बरळणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण. आणि गावात पोचला तर वाचतो, याचा अर्थ उघड आहे: गावे खाली दरीत असतात. खाली उतरणे हाच उपाय, हे हैदरने पाहिले होते. पण त्याने ते गावाच्या नावावर जमा केले, उताराच्या नावावर नाही. बरोबर निरीक्षण आणि चुकीचे कारण यांची अशी जोडी विज्ञानाच्या इतिहासात वारंवार भेटते. हा त्रास परक्यांनाच होतो, तिबेटच्या लोकांना नाही, हेही त्याने नोंदले, आणि घोड्यांनाही होतो हे तू छिनप्रमाणेच नोंदले. तिबेटी लोकांच्या शरीरात उंचीशी जुळवून घेणारे आनुवंशिक बदल आहेत हे संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. हैदरच्या निरीक्षणाला उत्तर मिळायला साडेचार शतकांहून अधिक काळ जावा लागला.

सईद खान १५३३ साली लडाखहून यारकंदला परतताना याच दमगिरीने वाटेत मरण पावला. काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डी या ठाण्याच्या नावाचा अर्थ ‘थोर श्रीमंत माणूस मेला ती जागा’ असा सांगितला जातो आणि लोकपरंपरा ते नाव सईद खानाशी जोडते. राजाला मारणाऱ्या हवेचे स्मारक म्हणून एका जागेचे नाव उरावे, हा डोकेदुखीच्या डोंगराचाच पुढचा अध्याय म्हणायचा.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पेरूच्या अँडीज पर्वतात, जोसे दे आकोस्ता हा जेसुइट पाद्री पारियाकाका नावाची खिंड ओलांडताना असाच हादरला. त्याचा ग्रंथ १५९० मध्ये सेव्हिल येथे छापला गेला. अन्न, कफ, पित्त आणि शेवटी रक्त ओकेपर्यंत उलट्या झाल्याचे तो सांगतो. सोबतच्यांपैकी काही जण आता मरणार म्हणून कबुलीजबाब द्यायला निघाले होते. आकोस्ताचे मोठेपण असे, की त्याने सैतानाला वा पापाला मध्ये आणले नाही. तेथील हवा माणसाच्या श्वसनाला पुरी न पडावी इतकी सूक्ष्म आणि नाजूक आहे, असा तर्क त्याने केला. हवेला वजन असते हे सिद्ध होण्याआधी अर्धशतक केलेला हा तर्क आहे.

तरीही लोकांच्या तोंडी राहिले ते विषाचे शब्द. तिबेटी भाषेत या त्रासाला ‘ला-दुग’ म्हणतात: ला म्हणजे खिंड, दुग म्हणजे विष. हिमालयाच्या अलीकडच्या उतारांवर ‘बिस की हवा’ हा शब्द होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे फिरणाऱ्या इंग्रज प्रवाशांनी तो टिपून ठेवला. हे विष उंचावरच्या फुलांच्या वासातून येते असे वाटाडे त्यांना सांगत. अँडीजमध्ये ‘सोरोचे’ हा शब्द रूढ झाला, तो मुळात एका खनिजाचे नाव. डोंगरातल्या धातूंच्या वाफा बाधतात ही समजूत त्यामागे होती. त्याच प्रदेशात वापरला गेलेला ‘मारेओ’ हा स्पॅनिश शब्द तर मुळात समुद्राशी नाते सांगतो. डोंगरावरच्या माणसाला जणू बोट लागलेली. आमचे ‘पित्त उसळलंय’ याच मालिकेतले. प्रत्येक भाषा आपापल्या गाठोड्यातले ओळखीचे दुखणे काढते आणि अनोळखी दुखण्यावर पांघरते. पांघरलेल्या शब्दामुळे धीर येतो, आणि धीर आला की माणूस खाली उतरत नाही.

४.

आता प्रश्न असा, की आकोस्ताचा तर्क सिद्ध व्हायला इतका वेळ का लागला? टोरिचेलीने पाऱ्याची नळी १६४४ च्या सुमारास उभी केली. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १६४८ मध्ये तीच नळी घेऊन फ्रान्समधल्या प्यू द दोम या डोंगरावर चढला आणि वर जावे तसा पारा खाली येतो हे दिसून आले. हा डोंगर आपल्या कळसूबाईपेक्षाही बुटका. आणि हवेचा दाब उंचीबरोबर घटतो हे जगाने प्रथम पाहिले ते तेथे. त्यानंतर प्राणवायूचा शोध लागला, श्वसनाचे रसायन उलगडले. तरीही दाब कमी झाल्याने नेमके काय बिघडते, याचे उत्तर मिळेना. कोणी थकवा म्हणे, कोणी थंडी, तर दाब उतरल्याने रक्तवाहिन्या फुगतात असेही कोणी म्हणे.

उत्तर दिले ते पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने, १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हवेच्या दाबावरील आपल्या प्रचंड ग्रंथात. त्याने हवा काढून घेता येईल अशा लोखंडी कोठ्यांत प्राण्यांना आणि स्वतःलाही बसवले. दाब उतरवला की मळमळ, गरगर, मंदपणा ही सारी लक्षणे हजर. आणि त्याच कमी दाबात प्राणवायू हुंगला की लक्षणे गायब. म्हणजे दोष दाबाचा असा नव्हे, त्या दाबात प्राणवायूचा जो वाटा येतो त्याचा. हवेत प्राणवायूचे प्रमाण कळसूबाईवर आणि लेहमध्ये सारखेच, सुमारे २१ टक्के. पण हवाच विरळ झाली की प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू घटतो. लेहला, ३,५०० मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास उरतो. ५,५०० मीटरवर निम्मा. विषारी फुले, धातूंच्या वाफा, पाप, पित्त या साऱ्यांची त्या लोखंडी कोठीत एकदाची गच्छंती झाली.

परंतु बेरच्या ग्रंथामागची एक दुर्घटना मला त्या ग्रंथाइतकीच बोलकी वाटते. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून क्रोसे-स्पिनेली, सिवेल आणि तिसांदिए हे तिघे आकाशात चढले. पहिले दोघे बेरच्या कोठीत बसून आलेले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या. तो साठा अपुरा आहे असे कळवणारे बेरचे पत्र उशिरा पोचले. बलून ८,००० मीटरच्या वर गेले. तिघेही शुद्ध हरपून पडले आणि खाली आले तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता. नळी तोंडाशी न्यायला हात उचलेना, असे तो पुढे सांगतो. पण त्याच्या निवेदनातला खरा हादरा वेगळाच आहे. त्याला त्रास होत नव्हता. भीती वाटत नव्हती. उलट, एक प्रकारचा आनंद वाटत होता. आपण मरत आहोत ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, कारण ती पोचवणारा निरोप्याच आधी बेशुद्ध पडला होता.

कादंबरी शिकवताना आपण विद्यार्थ्यांना ‘अविश्वसनीय निवेदक’ समजावून सांगतो. जो खोटे बोलतो तो एक. आणि ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही की आपण पाहतो ते खरे नाही, तो दुसरा, अधिक भयंकर. विरळ हवा माणसाला हा दुसऱ्या प्रकारचा निवेदक बनवते. म्हणूनच आमच्या चालकाने सरांना प्रश्न विचारला नाही, चालायला लावले.

५.

बेरने कारण सांगितले. पण आजाराचे आजचे रूप घडवले ते वाहनांनी. तांड्याबरोबर चालणारा व्यापारी दिवसाला काही शे मीटर चढे आणि शरीराला सवय व्हायला सवड मिळे. वर गेल्यावर श्वास आपोआप जलद आणि खोल होतो, त्यामुळे रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो, तो मूत्रपिंडे हळूहळू सावरतात. हे काम तासांचे नाही, दिवसांचे आहे. यंत्राने हे दिवस गिळले. चिलीमधल्या उंच खाणींवर काम करणारा इंग्रज डॉक्टर थॉमस रेव्हनहिल याने १९१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. समुद्रकाठाहून रेल्वेने थेट वर येणाऱ्या माणसांची त्याने तीन गटांत विभागणी केली: साधा त्रास होणारे, हृदयाचा वाटावा असा त्रास होणारे आणि मज्जासंस्थेचा त्रास होणारे. आज आपण उंचीचा साधा आजार, फुप्फुसांत पाणी भरणे आणि मेंदूला सूज येणे असे जे तीन प्रकार करतो, ते हेच. हा निबंध पुढे कित्येक दशके विस्मृतीत गेला. अँडीजमधल्या डॉक्टरांचे ज्ञान स्पॅनिशमध्ये राहिले, आणि चार्ल्स हाउस्टन याने १९६० मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या प्रकाराची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तो जणू नवा वाटला. एका भाषेतले ज्ञान दुसऱ्या भाषेला उपलब्ध नसले तर त्याची किंमत कोण मोजतो, याचे हे एक उदाहरण.

आणि लगोलग १९६२ आले. चीनशी युद्ध झाले आणि मैदानी प्रदेशातले हजारो भारतीय जवान विमानांनी आणि ट्रकांनी थेट हिमालयाच्या माथ्यावर नेले गेले. इतकी माणसे इतक्या वेगाने इतक्या उंचीवर यापूर्वी क्वचितच नेली गेली असतील. या अनुभवातून भारतीय लष्करी डॉक्टरांनी जे लिहिले ते आजही जगभर आधार म्हणून घेतले जाते. मेनन यांनी १९६५ मध्ये फुप्फुसांत पाणी भरलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये १,९२५ जवानांचा. एकोणिसशे पंचवीस ही संख्या वाचून पुढे जाणे सोपे आहे. पण तिच्यातला प्रत्येक आकडा हा एखाद्या बराकीत रात्री खोकत बसलेला मुलगा आहे, आणि तो सैनिक असल्यामुळे ‘मला होत नाही’ असे म्हणणे त्याला जवळजवळ अशक्य होते. पर्यटकाला आज जे ज्ञान फुकट मिळते त्याची किंमत त्या मुलांनी चुकवलेली आहे.

६.

मनाली-लेह रस्ता १९८९ मध्ये सर्वसामान्य प्रवाशांना खुला झाला. या रस्त्याची रचना उंचीच्या दृष्टीने कपटी आहे. मनाली २,०५० मीटरवर, सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा आजचा संकेत आहे. मनालीहून एका दिवसात सरचू गाठणारा तो एका दमात धुडकावतो. शिवाय सरचू ही दोन बाजूंनी कोंडलेली जागा आहे. मनालीकडे उतरायचे तर आधी ४,८०० मीटरच्या वर असलेला बारालाचा ला चढावा लागतो. लेहकडे जायचे तर गाटा वळणे चढून ५,००० मीटरच्या वरचा लाचुलुंग ला. म्हणजे जेथे ‘खाली जा’ हा एकच उपाय, तेथे खाली जाण्याची वाट वरून जाते. २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा घाट टळला; वेळ वाचला. परंतु वाचलेला वेळ लोक पुढे जाण्यासाठी वापरतात, थांबण्यासाठी नाही. मनालीहून निघालेल्याने पहिला मुक्काम ३,२०० मीटरच्या जिस्पाला करावा आणि जमल्यास तेथे दोन रात्री काढाव्यात. श्रीनगरकडून कारगिलमार्गे जाणारी वाट त्या मानाने दयाळू आहे. तिथे खिंडी ओलांडाव्या लागल्या तरी मुक्काम खालीच पडतो.

बाकीचे नियम थोडके आहेत. वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत, बहुधा पहिल्याच रात्री, डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, अन्नावरची वासना जाणे, थकवा किंवा गरगर असली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती उंचीच समजावी, पित्त नव्हे. तेथून वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात असंबद्धता आली, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. ॲसिटाझोलामाइडची गोळी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घेता येते. ती शरीराला सवय होण्यास मदत करते, पण खाली उतरण्याला पर्याय नाही. प्राणवायूची नळीसुद्धा उतरेपर्यंतचा आधार असते. रात्री मद्य किंवा झोपेची गोळी घेणे म्हणजे आधीच अडखळणाऱ्या श्वासाला आणखी एक धोंडा लावणे.

आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. आमच्या चालकाला ठाऊक होते. पहाटे नाल्यांचे पाणी कमी असते, दिवसा बर्फ वितळले की वाढते, म्हणून उजाडायच्या आतच निघायचे असे त्याने ठरवले. शेजारच्या तंबूतून प्राणवायूचे एक नळकांडे मिळाले. सरांना मागच्या आसनावर उशीला टेकवून बसवले. बारालाचा चढताना ते आम्हाला ओळखेनासे झाले होते. एकदा त्यांनी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. तो अर्धा-पाऊण तास आम्ही कोणीच काही बोललो नाही. खिंड ओलांडून गाडी उतरणीला लागली, झिंगझिंगबार गेले, दारचा आले, आणि तेथे त्यांनी पाणी मागितले. खाली रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले, की दुपारपर्यंत वर थांबला असतात तर हे वेगळे झाले असते.

परतीच्या प्रवासात सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “मी काही तुमच्यापासून लपवत नव्हतो रे. मला खरंच वाटत होतं की मी ठीक आहे.” मी काही बोललो नाही. याच गृहस्थांनी आम्हाला वर्गात शिकवले होते, की निवेदक काय सांगतो त्यापेक्षा त्याची पावले कुठे पडतात ते पाहा. आम्ही त्यांचे शिष्य. आम्ही मात्र त्या रात्री त्यांचे शब्द ऐकत बसलो होतो. पावले पाहिली ती एका चालकाने.